मणक्याला मार बसल्यावर: पहिल्या वर्षात काय करायचं, आणि मग दुसऱ्याच्या घरी जाऊन काय सांगायचं

दवाखान्यातून घरी सोडताना हातात जो कागद देतात त्यावर गोळ्यांची नावं, टाके काढायची तारीख आणि 'फिजिओथेरपी चालू ठेवणे' एवढं असतं. घरी आल्यावर जे प्रश्न पडतात त्यातला एकही त्यावर नसतो. लघवी कशी करायची? कुशीवर किती वेळ ठेवायचं? संडास अंथरुणात झाली तर काय? शेजारची बाई तेल घेऊन मालीश करायला आलीय, करू द्यायची का? खाली लिहिलंय ते या प्रश्नांबद्दल.

मी कोल्हापूर जिल्ह्यातली. कठडा नसलेल्या गच्चीवर मिरच्या वाळत घालताना पडले. माझी इजा डी-१० ला, म्हणजे मानेखालून मोजत पाठीच्या दहाव्या मणक्यापाशी आहे, त्यामुळे बेंबीपासून खाली हालचाल नाही आणि जाणीवही नाही. हात मजबूत आहेत. ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. पंचक्रोशीत कुणी झाडावरून, खांबावरून किंवा उसाच्या ट्रॉलीवरून पडलं आणि पाय गेले, की घरची माणसं मला फोन करतात. मानेच्या मणक्याला मार बसलेल्यांचे हातही जातात. त्यांचं काही बाबतींत वेगळं असतं, ते जिथे आलंय तिथे सांगितलंय.

पहिलं वर्ष कातडी, लघवी आणि संडास यांचं आहे, हे आधी मनाशी पक्कं करा. चालण्याचा व्यायाम कराच, फिजिओ सांगेल तितका करा. पण हे तीन जागेवर नसले तर बाकी कशालाच अर्थ राहत नाही, कारण माणूस तापाने पुन्हा दवाखान्यात जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी अशी इजा झालेले बहुतेकजण थोड्याच काळात जायचे, आणि जायचे ते बेडसोअर (एकाच जागी दाब पडून होणारी जखम) आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने. १९४४ मध्ये इंग्लंडात स्टोक मँडव्हिल इथे डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा सैनिकांचा वॉर्ड सुरू केला आणि रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलायची शिस्त लावली. त्या वॉर्डातली माणसं जगली, नुसती जगली नाहीत तर खेळायला लागली. पॅरालिम्पिकची सुरुवात तिथूनच झाली.

कातडी

जिथलं कळत नाही तिथलं डोळ्यांनी बघायचं. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना, दोन वेळा. लांब दांड्याचा आरसा घ्या, नाहीतर मोबाइलने फोटो काढा. माकडहाड, बसायची दोन हाडं, कमरेच्या बाजूची हाडं, टाचा, घोटे आणि दोन्ही गुडघे जिथे एकमेकांना घासतात ती जागा, एवढं रोज दिसलं पाहिजे.

लाल डाग दिसला तर त्यावर बोट दाबा आणि सोडा. दाबल्यावर पांढरा पडून परत लाल झाला तर रक्त फिरतंय. त्या जागेवर भार देऊ नका आणि काही तासांनी परत बघा. दाबूनही लालच राहिला तर ती बेडसोअरची पहिली पायरी आहे. मग ती जागा पूर्ववत होईपर्यंत तिच्यावर अजिबात बसायचं-झोपायचं नाही, लग्न असो की जत्रा. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, तेव्हा हात लावून गरम किंवा कडक लागतंय का तेही बघा. त्या जागेवर चोळायचं मात्र नाही. पावडर, हळद, कापूर घातलेलं तेल, काहीही लावून चोळलं की आतलं मांस आणखी दुखावतं.

अंथरुणात दर दोन तासांनी कूस. एका कुशीवर पूर्ण काटकोनात झोपवलं तर कमरेच्या हाडावर भार येतो, म्हणून पाठीशी उशी लावून थोडं तिरकं झोपवा. टाचा हवेत राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी द्या. खुर्चीत बसल्यावर दर वीस मिनिटांनी, फार तर अर्ध्या तासाने भार काढायचा. सगळ्यांना हातांवर जोर देऊन ढुंगण उचलायचं शिकवतात, पण तेवढा वेळ कुणाला टिकवता येत नाही. दाबलेल्या जागेत रक्त नीट परतायला जवळपास दोन मिनिटं लागतात. त्यापेक्षा पुढे वाका, छाती मांड्यांवर टेकवा, किंवा टेबलावर कोपरं ठेवून पुढे झुका. मी काज-बटण करताना मुद्दाम खाली वाकून बसते, तोच माझा व्यायाम.

मध्ये भोक असलेली रबरी रिंग आणि टायरची ट्यूब आमच्याकडे प्रत्येक घरात कुणीतरी आणून देतंच. ती वापरू नका. रिंगच्या कडेवर सगळा भार येतो आणि मधल्या भागाचं रक्त अडतं. पैसे मोजकेच असतील तर आधी चांगल्या उशीवर खर्च करा, खुर्चीवर नंतर. हवेच्या कप्प्यांची उशी असेल तर तिच्यातली हवा आठवड्यातून एकदा तपासा: उशीखालून हात सरकवा, हाड आणि तळ यांत बोटाच्या एखाद्या पेराएवढी जागा राहिली पाहिजे. गच्च फुगवलेली उशी फळकुटासारखीच.

लघवी

दवाखान्यातून बहुतेकजण नळी आणि पिशवी घेऊनच घरी येतात. पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीला, पण जमिनीला न टेकलेली. नळी मांडीखाली दाबली जाणार नाही हे कूस बदलताना दर वेळी बघायचं. मग डॉक्टरांना विचारायचं की ही कायमची नळी काढून, ठरलेल्या वेळी नळी घालून लघवी काढायची आणि लगेच नळी बाहेर घ्यायची, ही पद्धत मला जमेल का. या पद्धतीला सीआयसी म्हणतात. १९७२ मध्ये अमेरिकेत डॉ. जॅक लॅपिडेस यांनी दाखवून दिलं की घरी निर्जंतुक ऑपरेशन थिएटरसारखी तयारी नसली तरी चालते, साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. खरी गोष्ट आहे वेळ पाळणं. मूत्राशय तुडुंब ताणलं जाऊ द्यायचं नाही.

दर चार ते सहा तासांनी नळी, आणि एका वेळी ४०० ते ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त निघत असेल तर अंतर कमी करा. सुरुवातीला मापाच्या भांड्यात मोजून वहीत लिहा. पाणी दिवसभर सारखं वाटून प्या, संध्याकाळनंतर कमी करा. लघवी होईल या भीतीने पाणीच सोडणारे पुष्कळ भेटतात. मग खडे होतात.

बायकांसाठी एक गोष्ट जास्तीची. पुरुषांना जागा दिसते, आपल्याला दिसत नाही. पलंगावर पाठ टेकून बसा, पाय फाकवून गुडघ्यांखाली उशा द्या, मांड्यांमध्ये छोटा उभा राहणारा आरसा ठेवा आणि टॉर्च लावा. नळी चुकून योनीत गेली तर लघवी येत नाही. अशा वेळी ती तिथेच राहू द्यायची म्हणजे खूण राहते, आणि दुसरी स्वच्छ नळी वरच्या छिद्रात घालायची. महिन्याभरात बोटाच्या अंदाजाने आरशाशिवाय जमायला लागतं. हे नर्सकडून प्रत्यक्ष शिकून घ्या, आणि आईने किंवा नवऱ्याने नाही, स्वतः शिका. एक नळी एकदाच वापरायची हे उत्तम. धुऊन वापरायची वेळ आली तर धुवायची-वाळवायची रीतही नर्सकडूनच घ्या.

लघवीला वास आला की मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून गिळायचं, ही सवय फार वाईट. ताप, थंडी, पाय एकदम जास्त आखडणं, नळीच्या मधल्या वेळेत गळती, लघवीत रक्त, यापैकी काही असेल तर लघवीची कल्चर तपासणी करून मगच औषध. वर्षातून एकदा किडनीची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिनची रक्ततपासणी. काही त्रास नसला तरी.

डी-६ किंवा त्याच्या वरची इजा असणाऱ्यांनी (मानेची इजाही यातच आली) पुढचं नीट वाचा. एकदम ठणकणारं डोकं, चेहरा लाल, कपाळावर घाम, अंगावर काटा: रक्तदाब झपाट्याने चढतोय. तुमचा नेहमीचा वरचा आकडा ९०-१०० असेल तर १४० सुद्धा धोक्याचा. झोपवू नका, ताबडतोब बसवा आणि पाय खाली सोडा. कपडे, पट्टा, बूट सैल करा. नळी मुरगळली आहे का बघा, मूत्राशय रिकामं करा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. नाहीतर संडास अडकलेली असते किंवा पायाचं नख रुतलेलं असतं. काही मिनिटांत उतरलं नाही तर दवाखाना. तिथे 'ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया' हे शब्द सांगा. एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा, कारण साध्या दवाखान्यात हे रोज बघितलेलं नसतं.

संडास

याबद्दल कुणी बोलत नाही आणि माणसं घरात कोंडून घेतात ती याच्याच भीतीने. उपाय म्हणजे ठरलेली वेळ. पोटात अन्न किंवा गरम चहा गेला की आतडी हलतात, म्हणून चहा-नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी कमोड खुर्चीवर बसायचं. बसता येत नसेल तर डाव्या कुशीवर. डॉक्टरांनी गोळी दिली असेल ती गुदद्वाराच्या आतल्या भिंतीला चिकटेल अशी ठेवायची, मळात रोवली तर काम करत नाही. मग हातमोजा, भरपूर जेली, आणि बोट आत घालून हळुवार गोल फिरवायचं, पंधरा-वीस सेकंद. पाच-दहा मिनिटांनी परत. वर मज्जारज्जूला मार असलेल्यांचं आतडं याला प्रतिसाद देतं. अगदी खाली, कमरेच्या मणक्यांपाशी मार असेल तर ते सैल राहतं आणि मळ बोटानेच काढावा लागतो. तुमचं कुठलं आहे ते डॉक्टरांना विचारा.

वेळ बदलू नका. पाहुणे आले, सण आहे, गाडी पकडायची आहे, तरी ठरलेली वेळ ती ठरलेली वेळ. एकाआड एक दिवस चालतं. दोन महिन्यांनी अवेळी संडास होणं जवळपास थांबतं. चार दिवस काही नाही आणि मग पातळ गळायला लागलं तर जुलाबाचं औषध देऊ नका. वर मळाचा खडा अडकून बाजूने पाणी वाहत असतं. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक चालू ठेवा. कमोडच्या कडक भोकावर अर्ध्या तासाच्या वर बसू नका, तिथेही जखम होते.

मालीश, शेक, चूल

पहिल्या काही महिन्यांत पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. एकच पाय सुजला, गरम लागला तर मालीश करायची नाही, पाय हलवायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टर. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जातो. हाडवैद्याला पाय ओढायला देऊ नका. वापरात नसलेली हाडं ठिसूळ होतात आणि जोरात वाकवताना मांडीचं हाड मोडतं. मोडलं तरी दुखत नाही, नुसती सूज दिसते.

शेकाची पिशवी कायमची बंद. चुलीजवळ, गॅसजवळ गुडघे, मांडीवर गरम ताट, उन्हात तापलेली गाडीची सीट, स्कूटरचा सायलेन्सर: आम्ही भाजतो ते अशा जागी, आणि कळतं ते फोड आल्यावर. आंघोळीचं पाणी कोपराने बघा. पाय आखडू नयेत म्हणून बॅक्लोफेनची गोळी चालू असेल तर ती एकदम बंद करायची नाही, संपायच्या आधी आणून ठेवा.

पाळी, मूल, माहेर

पाळी काही महिने थांबू शकते, मग परत येते. पॅडच्या घड्या मांडीच्या सांध्यात रुतून कातडी जाते, म्हणून दर वेळी नळी घालताना पॅडही बदला, एकच घड्याळ दोन्हींना. मूल होऊ शकतं. गर्भधारणा होते, बाळंतपण होतं, फक्त आधीपासून अशा डॉक्टरांकडे जावं लागतं ज्यांना तुमची इजा माहीत आहे, कारण कळा कळतीलच असं नाही. गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गाठीचा धोका वाढतो, स्वतःच्या मनाने घेऊ नका.

आणि एक गोष्ट सरळच लिहिते. पुरुषाचे पाय गेले की बायको सांभाळते. बाईचे गेले की 'थोडे दिवस माहेरी आराम' म्हणून पाठवतात आणि ते थोडे दिवस संपत नाहीत. तुमच्या बाबतीत असं होत असेल तर रडून झाल्यावर पहिल्यांदा कागद ताब्यात घ्या: आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, दवाखान्याची फाइल, लग्नाचा दाखला. दुसऱ्यांदा, मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी तालुक्याच्या कोर्टातली विधी सेवा समिती. बायकांना आणि दिव्यांगांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी.

घर, खुर्ची, कागद

खुर्ची आणायच्या आधी दारं मोजा. दवाखान्यात असते तसली घडीची खुर्ची बाहेरून पंचवीस इंचांच्या आसपास असते आणि आमच्या जुन्या घरातलं न्हाणीघराचं दार तेवढंही नसतं. खुर्चीची बैठक तुमच्या कमरेपेक्षा इंचभर रुंद, त्यापेक्षा मोठी नको. 'पुढे लागेल' म्हणून ऐसपैस घेतली की पाठ वाकडी होते. हवेची चाकं घ्या. गावातला सायकलवाला पंक्चर काढतो, त्याला दुसरं काही शिकावं लागत नाही.

उतार बारास एक, म्हणजे सहा इंचाच्या उंबऱ्याला सहा फूट. गवंडी 'एवढा कशाला' म्हणून तीन फुटात बसवतो; त्यावरून खुर्ची मागे उलटते. वरती फरशी नको, कोबा करून आडव्या रेघा मारून घ्या. पलंगाची उंची खुर्चीच्या बैठकीएवढी. ओट्याची उंची कमी करा आणि खालचं कपाट काढून टाका, म्हणजे गुडघे आत जातात. मी भाकऱ्या थापते त्या अशाच ओट्यावर, फक्त मांडीवर जाड गोधडी घडी करून टाकते.

कागदांत पहिलं यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व आलं की बहुतेक सवलती सुरू होतात. मग एसटीची सवलत, रेल्वेची सवलत (सोबत्यालाही), तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत जाऊन, सगळ्यांसमोर, लेखी विचारा. तोंडी विचारलं तर 'बघू' एवढंच मिळतं.

पुनर्वसनासाठी काही दिवस भरती व्हायचं असेल तर मुंबईत हाजीअलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे. सैनिकांसाठी पुण्यात खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर. आमच्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली उभी केलेली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड'. त्या स्वतः तरुणपणापासून व्हीलचेअरवर.

कमाई

शिलाई मशीनला मोटर लावून घ्या आणि पायाने दाबायचा कंट्रोलर टेबलावर, उजव्या कोपराखाली ठेवा. खाली सरकू नये म्हणून त्याला चिकटपट्टीने बांधा. कोपर दाबलं की सुई चालते, दोन्ही हात कापडावर मोकळे राहतात. सुरुवातीला वेग आवरत नाही आणि शिवण पळते. जुन्या चादरीवर सरळ रेषा मारत बसा, मग गोल गळे. गिऱ्हाईक आलं की माप घ्यायला मी त्यांना खाली बसायला लावते, छाती-खांदा बसून घेते आणि उंचीचं माप दुसरीकडून घेऊन घेते. पहिल्या आठवड्यात बायका कीव करून एक ब्लाउज टाकून जातात. दुसरा टाकतात तो काखेत बरोबर बसला म्हणून.

शिलाईच करा असं नाही. पण जे काम कराल त्यात बसायचे तास आणि भार काढायची वेळ आधी बसवून घ्या, मग गिऱ्हाइकाला तारीख द्या.

दुसऱ्याच्या घरी

आता हे तुम्हाला जमायला लागलं की लोक बोलावतील. जा, पण रिकाम्या हाताने जाऊ नका आणि भाषण द्यायला जाऊ नका. माझ्या पिशवीत आरसा, एक नळी, जेली, हातमोजे आणि सरकफळी असते. सरकफळी म्हणजे गुळगुळीत घासलेली, दोन्ही टोकं उतरती केलेली प्लायची फळी. सुतार अर्ध्या दिवसात करून देतो.

एका घरी गेले तर पोरगं भिंतीकडे तोंड करून पडलेलं, बाजूला सहा-सात माणसं. आईने दारातच विचारलं, "ताई, चालंल की हो पोरगं?" मी तिला म्हटलं, "मावशी, ते डॉक्टरांना विचारायचं कसं ते मी सांगते, आधी जरा पलंगाजवळची जागा मोकळी करा." खुर्ची पलंगाला तिरकी लावली, ब्रेक, हातटेकू काढला, फळी ढुंगणाखाली सरकवली, आणि हातांवर भार देत देत त्याच्या पायाशी जाऊन बसले. त्याने मान वळवली. विचारलं काय, तर "ही फळी कितीला?"

चालण्याचा प्रश्न प्रत्येक घरी येतो. 'होईल सगळं नीट' म्हणू नका आणि 'आता विसरा' असंही म्हणू नका. घरच्यांना सांगा की डॉक्टरांकडून आशिया (ASIA) तपासणीचा, म्हणजे इजा किती आहे ते ठरवणाऱ्या तपासणीचा, निकाल लिहून घ्या. गुदद्वाराजवळ स्पर्श कळतो का, तिथला स्नायू आवळता येतो का, यावर इजा पूर्ण की अपूर्ण ते ठरतं. अपूर्ण असेल तर परत येण्याची शक्यता जास्त. सुधारणा सगळ्यात वेगाने पहिल्या सहा-नऊ महिन्यांत होते, नंतर हळूहळू. म्हणजे वाट बघताना काय बघायचं ते त्यांना कळतं.

स्टेम सेल (मूळ पेशी) उपचारासाठी जमीन विकायला निघालेलं घर भेटलं तर थांबवा. आपल्या देशात मज्जारज्जूच्या इजेवर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, फक्त अधिकृत चाचणीतच देता येतो आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. लाखांत पैसे मागणारा दवाखाना चाचणी करत नसतो. यावर माझं लोकांशी भांडण झालंय, आणि परत होईल.

बोला ते पेशंटशी. पलंगाच्या वरून नातेवाइकांशी बोलत बसलात की तो माणूस त्या खोलीत नाहीच असं होतं. मग वेगळ्याने त्याच्या बायकोला किंवा आईला बाहेर बसवा आणि विचारा, रात्री झोप मिळते का. रात्रीची एक कूस भावाने, एक वडिलांनी अशी वाटणी तिथेच, सगळ्यांसमोर लावून या. तुम्ही सांगितलेलं ऐकतात, तिने सांगितलेलं ऐकत नाहीत. बाईच्या घरी गेलात तर नवऱ्याला न्हाणीघराचं दार किती इंच आहे ते मोजायला लावा. कामाला लागलेला माणूस पळून जात नाही, निदान त्या दिवशी तरी.

मुरलीकांत पेटकरांचं नाव मी सांगते, कारण ते इथलेच, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली. आधी बॉक्सर होते, इजेनंतर पोहायला लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणलं. पण हे नाव पहिल्या भेटीत काढायचं नाही. पहिल्या भेटीत माणसाला लघवीची चिंता असते, सुवर्णपदक ऐकून त्याला आपण आणखी खाली गेल्यासारखं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या भेटीत त्याने स्वतः 'पुढे काय' विचारलं की मग.

"मला मारून टाका" असं कुणी म्हणालं तर ते हसण्यावारी नेऊ नका आणि 'असं बोलू नये' म्हणून गप्पही करू नका. काही ठरवलंय का, असं सरळ विचारा. घरातली औषधं आणि कीटकनाशकं दुसऱ्याच्या ताब्यात द्या, माणसाला एकटं ठेवू नका, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावून द्या. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

जिथे मदत करायची नाही तेही ठरवून ठेवा. दुसऱ्याची नळी आपण घालायची नाही. गोळीचं नाव सांगायचं नाही. पैसे आपल्या खात्यावर गोळा करायचे नाहीत. ज्याला द्यायचे आहेत त्याने मेडिकलवाल्याला थेट द्यावे आणि बिल घरच्यांनी ठेवावं. दुपारी माझी पडायची वेळ असते, तेव्हा फोन बंद. आपल्याच माकडहाडावर जखम घेऊन दुसऱ्याला कूस बदलायला सांगणारे मी पाहिलेत.

गावात सांगायची एक गोष्ट उरली. कुणी उंचावरून पडलं तर हातपाय धरून उचलून रिक्षात कोंबू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. एकाने डोकं दोन्ही हातांनी जसं आहे तसं धरायचं, आणि १०८. जागा धोक्याची असेल आणि हलवणं भागच असेल तर चौघांनी मिळून अंग, मान, कंबर एका रेषेत ठेवून एकदमच कुशीवर वळवायचं आणि खाली फळी किंवा उचकटलेलं दार सरकवायचं. रस्त्यावरच्या अपघातात मदत केली म्हणून पोलीस मागे लागतील ही भीती जुनी झाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, नाव सांगायचीही सक्ती नाही. दहीहंडीच्या आधी तालमीतल्या पोरांना बोलावून हे एकदा जमिनीवर करून घ्या, त्यांना सांगायला हीच वेळ बरोबर.

आमच्या व्हॉट्सअॅप गटात एकच नियम कडक आहे. जखमेचा फोटो टाकायचा तर चेहरा नको, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो, आणि जखम कधीपासून आहे ते लिहा. काळी खपली असेल, वास येत असेल, ताप असेल किंवा आत हाड दिसत असेल तर गटात विचारत बसू नका. त्याच दिवशी सर्जनकडे जा, आणि जाताना गाडीत कुशीवर झोपून जा, बसून नाही.